आधी किल्ली, मग सामान

तुर्भ्याच्या शीतगृहातला आमचा डबा
सोळा दिवसांत अकरा वेळा मेला.
मरताना दर वेळी वेगळंच बरळला.
कधी नसलेला पत्ता, कधी अर्धा आकडा,
एकदा नुसती शून्यं,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी.

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर,
सगळ्यांची बोटं तांडेलकडे.
कर्नेलला शेवटचा हात त्याचाच लागला होता.
(माझ्या सासूबाईंना अजून वाटतं,
मी फौजेतल्या कुणा कर्नलकडे कामाला आहे.)
चेतन तांडेल, दिवाळे गावचा, नोकरीला पाच महिने.
स्वतःचा कोड त्यानं इतक्यांदा वाचला
की जेवताना त्याचे ओठ हलायचे.

मीही म्हणाले त्याला,
"कंपायलर चुकत नसतो रे. आपण चुकतो."
हे वाक्य मला सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी दिलं होतं,
बंद पाकिटासारखं.
मी ते न उघडता पुढे दिलं.

मग शेवाळे मुकादमांची वही आली.
खजुराच्या पेट्यांचा हिशोब, आणि समासात पेन्सिलीनं:
२.१० मशीन गेले. दार उघडले होते.
४.४५ गेले. दार.
११.३० गेले. दार. टेम्पोवाला शिव्या देतो.
दर मरणाला दार होतं.
पण दर दाराला मरण नव्हतं.
दिवसातून चारशे वेळा उघडायचं ते,
आणि उघडलं की प्रोसेसरच्या खांद्यावर हात ठेवायचं,
असशील तिथे थांब, आधी माझं बघ.

रविवारी, एसी बंद असलेल्या ऑफिसात
आम्ही दोघांनी कंपायलरनं उतरवलेलं वाचायला घेतलं.
तळातली भाषा, जिथे सहसा कुणी उतरत नाही.
संध्याकाळी साडेसहाला सापडलं.
चेतननं लिहिलेलं बरोबर होतं, अक्षरन् अक्षर.
लिहिलेलं एक, उतरवलेलं दुसरं.
फंक्शनमधून परत निघताना
स्टॅकवरची जागा आधी सोडून दिली होती,
आणि मग त्या सोडलेल्या जागेतून
एक किंमत उचलली होती.
दोनच सूचना. क्रम उलटा.

चेतन बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "घणसोलीला मी हेच केलं होतं, मॅडम.
अकरा महिने संपले, एजंटला किल्ली दिली,
खाली आल्यावर आठवलं, गिझर आपला आहे."
"मग?"
"मिळाला. खोली रिकामीच होती अजून."

बहुतेक वेळा रिकामीच असते.
म्हणून तर चारशे दारांतलं एखादंच
नेमकं त्या दोन ओळींच्या फटीत उघडायचं,
आपलं सामान टाकायचं आपल्या सामानावर,
आणि आपण परत येऊन उचलायचो
दुसऱ्याचं काहीतरी, आपलं समजून.

दोन ओळी सरळ केल्या. रात्री डबा चालू.
शेवाळ्यांचा फोन: "दार उघडलं. जिवंत आहे."

सोमवारी चेतनच्या टेबलाशी
एक मुलगी उभी, गळ्यात कोरं ओळखपत्र.
"मला हीच जागा सांगितलीय," म्हणाली, ओशाळून.
शुक्रवारीच झालं होतं ते, वरच्या मजल्यावर.
चेतन ड्रॉवर उघडून उभा,
हातात चार्जर, चिंचेच्या गोळ्या
आणि तो छापील कागद,
दोन ओळींभोवती माझं लाल वर्तुळ.
मान वर करून त्यानं माझ्याकडे बघितलं.
काही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मी वर गेले. आवाज चढवला, उतरवला.
खाली येताना एक खुर्ची उचलून आणली.

आता त्या टेबलाला दोघं बसतात.
डबा त्र्याण्णव दिवस चालू आहे.
जेवताना त्याचे ओठ
अजून हलतात.